आवाजाने मन शांत होते काय?

शांतता ही वस्तू आपल्या वस्त्यांमध्ये फार महाग आहे. बंगल्यात राहणाऱ्याला खिडकी लावून घेता येते. आपल्याकडे दोन घरांमध्ये एकच भिंत, आणि भिंत संपली की बोळ. पहाटे नळाला पाणी आले की हंडे-कळशांचा आवाज, मग शाळेची घाई, दुपारी शेजारचा टीव्ही, संध्याकाळी कुणाचे तरी भांडण. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा कसा झोपतो हे त्याचे त्यालाच ठाऊक. त्यामुळे 'ध्यान करा, मन शांत ठेवा' असे कोणी व्यासपीठावरून सांगितले की आपली माणसे गालातल्या गालात हसतात. विहारातल्या एका बैठकीत एका हमाल बांधवाने मला सरळच विचारले होते, "दादा, ध्यान करायचं खरं, पण बसायचं कुठं? आणि गप्प कोण बसू देतंय?"

प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर शोधताना मला एक गोष्ट हाती लागली. आवाजातून आपली सुटका नसेल, तर आवाजालाच धरून शरीर आणि मन सैल करता येते. मी डॉक्टर नाही, भिक्खूही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, सांगलीतल्या एका सहकारी संस्थेत खातेवही सांभाळणारा कारकून आणि संध्याकाळी विहाराच्या कामात हातभार लावणारा एक कार्यकर्ता आहे. जे डोळ्यांनी पाहिले आणि जे वाचून खात्री करून घेतली, तेवढेच येथे मांडतो.

आवाज माणसाला किती छळू शकतो, हे सांगलीकरांना नव्याने सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईने आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची बोट त्याच पुरात उलटली आणि कितीतरी घरांतले दिवे विझले. पाणी ओसरले, चिखल काढला, भिंती वाळल्या. पण कान वाळले नाहीत. आमच्या वस्तीत पत्र्याची घरे जास्त. पत्र्यावर पावसाचा तडतडाट सुरू झाला की माणसे रात्री उठून बसू लागली. महापालिकेच्या गाडीवरचा भोंगा लांबून ऐकू आला तरी बायका गाठोडे बांधायला धावत. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि ही भीती जास्तच घट्ट बसली.

माझी आई त्यांतलीच एक. वय सत्तरीच्या पुढे. तिला रक्तदाब आहे, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू आहेत. पाऊस लागला की ती रात्रभर अंथरुणावर बसून राही. "आई, झोप की, पाऊस साधाच हाय," असे म्हटले की म्हणे, "मला कळतंय रं लेकरा, पण काळीज ऐकत न्हाय." या एका वाक्यात सगळे आले. बुद्धीला समजते की धोका नाही. शरीराला समजत नाही. छाती धडधडते, श्वास वरच्यावर चालतो, हातपाय गार पडतात. अशा वेळी समजुतीच्या गोष्टी सांगून उपयोग होत नाही. शरीराशी शरीराच्या भाषेत बोलावे लागते.

ती भाषा कोणती असते, हे मी पुराच्याच दिवसांत एका शाळेत पाहिले होते. तिथे आमच्या वस्तीतली माणसे हलवली होती. एका वर्गात आठ-दहा कुटुंबे, वीज गेलेली, लेकरे रडत होती, मोठी माणसे एकमेकांवर खेकसत होती. अशात कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी डोळे मिटून त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. आवाज मोठा नव्हता, चाल सावकाश होती. एकेक शब्द संपल्यावर त्या थांबत, श्वास घेत, मग पुढे जात. आधी शेजारच्या दोन बाया त्यांच्याबरोबर म्हणू लागल्या, मग भिंतीकडेचे पुरुष, मग आख्खा वर्ग. पंचशील झाले, मंगलसुत्त झाले. कोणीही 'शांत व्हा' म्हटले नव्हते. पण अर्ध्या तासाने लेकरे आयांच्या मांडीवर झोपली होती आणि मोठी माणसेही हळू आवाजात बोलत होती.

त्यानंतर माझ्या मनात प्रश्न उभा राहिला. हे कशाने झाले? शब्दांत काही शक्ती आहे म्हणायचे, तर मग आपण मंत्र-तंत्र मानू लागलो. बाबासाहेबांनी ज्या अंधारातून आपल्याला बाहेर काढले, त्याच अंधारात मागच्या दाराने शिरल्यासारखे ते होईल. आमच्या विहारातल्या शिकलेल्या पोरांनी हीच शंका बोलून दाखवली, आणि ती काढलीच पाहिजे होती. शंका विचारू नको असे सांगणारा आपला धम्म नाही.

वाचता वाचता मला एक जुना प्रयोग सापडला. लुसियानो बर्नार्डी नावाच्या इटलीतल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर तो केला होता, आणि २००१ साली इंग्लंडच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो छापून आला. या माणसांना त्यांनी दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक ख्रिस्ती लोकांची जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना, दुसरा तिबेटी बौद्धांचा मंत्र. धर्म निराळे, भाषा निराळ्या, अर्थ निराळे. परिणाम मात्र सारखा निघाला. दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास मिनिटाला साधारण ६ वर आला आणि हृदयाचे व रक्तदाबाचे चढउतार एका लयीत आले. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. म्हणजे म्हणण्यामुळे श्वास निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला. काम श्वासाने केले होते. शब्द ही श्वासाची काठी होती.

हे आपण घरच्या घरी ताडून पाहू शकतो. मनगटावर बोट ठेवून नाडी पाहा. श्वास आत घेताना ठोके जरासे भरभर पडतात, सोडताना जरासे सावकाश. मेंदूतून निघून गळ्यातून छातीत आणि पोटात उतरणारी 'व्हेगस' नावाची एक मोठी नस आहे. श्वास सोडताना तिचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो. माणूस बोलतो, गातो, गुणगुणतो तेव्हा श्वास बाहेर सोडतच असतो. एक ओळ सावकाश म्हटली की सोडलेला श्वास आपोआप लांबतो. 'श्वास लांब सोड' असे घाबरलेल्या माणसाला सांगितले तर तो आणखी गोंधळतो. 'ही ओळ माझ्याबरोबर म्हण' असे सांगितले तर तो म्हणू शकतो. शाळेतल्या त्या आजींना व्हेगस नस माहीत नव्हती. थांबून, सावकाश म्हणायची सवय तेवढी होती.

आणखी एक गंमत. पाली ओळींमध्ये अनुस्वार फार. बुद्धं, धम्मं, संघं, सरणं. अनुस्वारावर आवाज नाकात घुमतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवले की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू साध्या उच्छ्वासापेक्षा सुमारे १५ पट वाढतो, कारण कंपनामुळे नाकाशेजारच्या पोकळ्यांमधली हवा खेळती राहते. यावरून गुणगुणल्याने अमुक रोग बरा होतो असे कोणी म्हणू नये. आवाज म्हणजे हवेतली गोष्ट नव्हे, तो शरीरात काही हलवतो, एवढेच यातून घ्यायचे.

आता धम्मग्रंथ काय सांगतात तेही पाहू. संयुत्तनिकायात एक प्रसंग आहे. महाकाश्यप आजारी असताना भगवंत त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनी सात बोध्यंगे ऐकवली. पुढे भगवंत स्वतः आजारी असताना त्यांनी महाचुंद भिक्खूंना तीच बोध्यंगे म्हणायला सांगितली आणि पडल्या पडल्या ती ऐकली. आजाऱ्याच्या उशाशी बसून ओळखीच्या आवाजात चांगले शब्द ऐकवणे, ही चाल इतकी जुनी आहे. पण त्याच धम्मात सावधगिरीचा इशाराही आहे. अंगुत्तरनिकायात भगवंतांनी गाण्यासारखे लांबण लावून धम्म म्हणण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. म्हणणारा आपल्याच गळ्यावर भाळतो, ऐकणारे गळ्यावर भाळतात, लोक नावे ठेवतात, सुरांच्या नादात समाधी मोडते आणि मागून येणारे त्याचेच अनुकरण करतात. विनयात मात्र साध्या, सरळ स्वरात म्हणायला परवानगी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विवेक आजच्या ध्वनिक्षेपकाच्या काळात तर जास्तच कामाचा आहे.

शिवाय एक गोष्ट आपण विसरू नये. बुद्धवचन कितीतरी पिढ्या कानांवरच जगले. पाठ करणाऱ्या भिक्खूंना 'भाणक' म्हणत. श्रीलंकेत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ते लिहून काढले गेले, तोपर्यंत ते तोंडातून कानात असेच आले. आमच्या आयांचेही तसेच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांच्या मागून ज्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटले, त्यांतल्या कितीजणींना वाचता येत होते? माझ्या आईला अक्षर येत नाही, पण वंदना तोंडपाठ आहे. तिची ती पोथीच आहे.

म्हणून मी तिच्यापासूनच सुरुवात केली. तिला म्हटले, "आई, पाऊस लागला की उठून बसतीस, तवा बसल्या बसल्या वंदना म्हणत जा. पण हळू. एका श्वासाला एकच ओळ." ती म्हणाली, "जल्मभर म्हणत आलोय की, आता त्यात नवं काय?" मी म्हटले, "नवं काय न्हाय. घाई तेवढी सोडायची." घाई हा आपला रोगच आहे. विहारातही आपण वंदना अशी उरकतो की जणू गाडी चुकणार आहे.

माझी सवय कारकुनाची. मी एक वही घातली. रकाने आखले: तारीख, पाऊस होता की नव्हता, आई किती वेळा उठली, परत आडवी कधी झाली. पहिले पंधरा दिवस काही फरक नाही. नंतर उठणे तसेच राहिले, पण परत आडवे होण्याची वेळ अलीकडे येऊ लागली. आधी तांबडे फुटेपर्यंत बसणारी आई पाऊण तासात, पुढे अर्ध्या तासात कलंडू लागली. त्याच सुमारास डॉक्टरांनी तिची एक गोळीही बदलली होती. तेव्हा श्रेय किती गोळीचे आणि किती वंदनेचे, याचा ताळेबंद मी मांडू शकत नाही. पण आईला विचारले तर ती म्हणते, "गोळी पोटात जाती. पण रातीला दोन वाजता जवळ कोण असतंय? माझा आवाजच असतोय." हे तिचे म्हणणे मला पटते. भीतीच्या वेळी माणसाला काहीतरी करता आले पाहिजे. हात बांधून बसलेल्याची भीती वाढत जाते.

दुसरे उदाहरण विट्याचे आहे. आमचे एक नातलग तिथे यंत्रमागावर काम करतात. शेडमधले माग एकदम चालू झाले की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावे लागते. तिथला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. हे माप आपल्या साध्या बेरजेसारखे नसते. दर १० डेसिबलला आवाजाची ताकद १० पट होते. वीस वर्षे त्यात काढल्यावर या दाजींच्या कानात रात्रंदिवस 'कुंई' असा आवाज येऊ लागला. माग बंद, पण कानातला माग चालूच. शांत खोलीत तो जास्त ऐकू येतो, म्हणून झोप नाही, चिडचिड, घरात भांडणे. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की गेलेले ऐकू येणे परत येणार नाही. उरलेले जपा, कामावर कानात बोळे घाला, आणि झोपताना खोली अगदी चिडीचूप ठेवू नका, पंख्यासारखा मंद आवाज चालू ठेवा. दाजींनी पंखा लावला, आणि पंख्याच्या आवाजाबरोबर हलकेच गुणगुणायला लागले. आवाज गेला का? नाही गेला. पण त्यांचे शब्द असे: "पयल्यांदा त्यो माझ्या मागं लागायचा. आता असतोय बापडा एका बाजूला." आवाज तोच, पण त्याच्याशी चाललेले भांडण संपले. माझ्या मते ध्यान ते हेच.

ऐकणे ही एक कला आहे, हे पाहायचे असेल तर आपल्याला लांब जायला नको. मिरजेला जावे. सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची गल्ली तिथे दीडशे वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार मंडळींनी ही कला उचलली; त्यांतले फरीदसाहेब सतारमेकर हे आद्य पुरुष मानले जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळवलेले भोपळे, तुणाचे लाकूड, आणि राबणारे हात. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या नावाने दरवर्षी संगीतसभा भरते. ऐकणाऱ्यांत जात-धर्म कोणी विचारत नाही.

तिथे मी एका कारागिराला तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिले. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानसीने अगदी किंचित घासायचा, मग तार छेडायची, कान लावून ऐकायचे, पुन्हा घासायचे. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला की बद्द वाटणारा आवाज एकदम उघडतो आणि घुमत राहतो. तो माणूस डोळे मिटून एकेक सूर विझेपर्यंत ऐकत होता. शेजारी मोटारसायकली जात होत्या, पोरे खेळत होती. त्याला ते ऐकू येत नव्हते असे नाही. त्याने कान एका जागी ठेवला होता. मला माझ्या हमाल बांधवाचा प्रश्न आठवला. गोंगाटात ध्यान होते की नाही, याचे उत्तर तो कारागीर भर बाजारात बसून देत होता.

तारेचीच गोष्ट निघाली म्हणून सोण भिक्खूंची आठवण देतो. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला हा मुलगा भिक्खू झाला आणि त्याने साधनेचा इतका अतिरेक केला की चालून चालून पायांतून रक्त आले. तरी मन शांत होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. पूर्वी तो वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. मग प्रयत्नाचेही तसेच, बेताचा असावा. दिवसभर ओझी वाहून, माग चालवून, भट्टीपुढे उभे राहून आलेल्या माणसाच्या तारा आधीच ताणलेल्या असतात. त्याने ध्यानातही कंबर कसून बसू नये. सैल करणे हेच त्याचे ध्यान.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते सांगतो. खर्च काही नाही, वेळ दहा-पंधरा मिनिटे.

पहिले, बसावे. चटईवर बसा, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर किंवा पायरीवर. दात आवळू नका, खांदे खाली सोडा.

दुसरे, एक-दोन मिनिटे नुसते ऐकावे. नळ, टीव्ही, रिक्षा, कुत्रे, काय असेल ते. 'हा कशाला ओरडतोय' असा निवाडा करू नका. आवाज आला, राहिला, गेला, एवढेच पाहा. अनित्य म्हणजे काय, हे आवाजाइतके सोपे करून कोणी शिकवत नाही.

तिसरे, नाकाने श्वास घ्यावा आणि ओठ मिटून 'म्' असा हलका आवाज करीत सावकाश सोडावा. शेजाऱ्याला ऐकू जाता कामा नये इतका हलका. छातीवर हात ठेवला की कंप कळतो. असे सात-आठ वेळा. दम कोंडू नका, ओढून ताणू नका.

चौथे, वंदनेतली किंवा आपल्याला प्रिय असलेली एखादी ओळ एका श्वासात एक अशी म्हणावी. ज्याला वंदना नको त्याने एक ते दहा आकडे म्हणावेत. श्वासाला त्याचे काही वाटत नाही. घरात काशाची वाटी असेल, जी तेल लावून तळपाय घासायला आपल्या आज्या वापरीत, ती तळहातावर ठेवून लाकडी काठीने हलकेच वाजवा आणि तिचा नाद विझेपर्यंत ऐकत राहा. लेकरांना हे फार आवडते.

पाचवे, शेवटी दोन मिनिटे काहीच करू नये. आवाज थांबल्यावर मागे जी जागा उरते, तिच्यात बसावे.

दिवसात वेळ नसेल तर आणखी सोपे आहे. व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान यांनी १९८२ साली फ्रान्समध्ये 'प्लम व्हिलेज' हे केंद्र काढले. तिथे घंटा वाजली की माणसे हातातले काम थांबवतात आणि शांतपणे श्वास घेतात. आपल्याकडे कारखान्याचा भोंगा आहे, रेल्वेची शिट्टी आहे. तो वाजला की तीन श्वास सावकाश घ्यावेत. मी ऑफिसात फोनची घंटा वाजली की एक श्वास सोडून मगच रिसीव्हर उचलतो. वसुलीचे फोन असतात. एक श्वास मध्ये असला की माझा आवाज चढत नाही.

काही पथ्येही सांगितली पाहिजेत. रक्तदाबाची, साखरेची, दम्याची गोळी यामुळे बंद करू नये. चक्कर आली की थांबावे. ज्याला सतत मरणाचे विचार येतात, आठवडे न् आठवडे झोप नाही, नसलेले आवाज ऐकू येतात, त्याला गुणगुणायला न सांगता डॉक्टरांकडे न्यावे. त्यात लाज कसली? २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही फुकट बोलता येते. घराघरांत हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. आणि बाजारापासून सावध राहावे. अमुक फ्रिक्वेन्सीचा आवाज ऐका, गाठ विरघळेल. तमुक वाटी हजारो रुपयांना घ्या, कर्मदोष जाईल. असे सांगणारे मोबाइलवर गल्लोगल्ली झाले आहेत. त्याला पुरावा नाही. आपण गंडेदोरे सोडले ते नवे गंडे बांधायला नव्हे.

आता थोडे कडू बोलतो. आवाजाने शांत होता येते असे सांगायचे आणि जयंतीला वस्तीच्या छातीवर डीजे लावायचा, हे जमत नाही. कायदा २००० सालापासून आहे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. इतरांच्या मिरवणुका हे मोडतात हे खरे, आमची पोरे तेच म्हणतात, "सगळ्यांचं चालतंय, मग आमच्याच जयंतीला कायदा आठवतो का?" या प्रश्नातली जखम मला समजते. ज्यांना शतकानुशतके मोठ्याने बोलू दिले नाही, त्यांना एक दिवस गर्जावेसे वाटणारच. पण त्या गर्जनेने कोणाच्या खिडक्या हादरतात? उच्चभ्रूंच्या नाही. आपल्याच आजारी म्हातारीची, आपल्याच बाळंतिणीची खिडकी हादरते.

अंगुत्तरनिकायात आणखी एक कथा आहे. वैशालीच्या महावनात भगवंत असताना लिच्छवी सरदार रथांचा गडगडाट करीत दर्शनाला आले. भक्तीनेच आले होते. पण काही ज्येष्ठ भिक्खू तो गोंगाट टाळण्यासाठी गोसिंग शालवनात निघून गेले. भगवंतांनी त्यांना दोष दिला नाही. उलट ते बरोबर वागले असे सांगून म्हणाले की पहिल्या ध्यानाला आवाज हा काटा आहे. आमच्या समितीत मी ही कथा सांगितली. डीजे पूर्ण बंद झाला असे नाही. पण जिथे आजारी माणसे राहतात त्या दोन बोळांमधून गाडी आवाज बंद करून न्यायची आणि तिथे सगळ्यांनी सावकाश त्रिसरण म्हणत चालायचे, एवढे ठरले आणि त्या वर्षी ते पाळलेही गेले. त्या बोळांतली माणसे दारात येऊन हात जोडून उभी होती. पुढच्या वर्षी ते पुन्हा ठरवावे लागणार आहे.

आवाजाचे ध्यान ही पायरी आहे, हेही लक्षात असू द्या. सत्यनारायण गोयंका गुरुजींनी १९६९ पासून भारतात जी विपश्यना शिकवली, तीत साधकाला कोणताही शब्द धरायला सांगत नाहीत. नुसत्या नैसर्गिक श्वासावर मन ठेवायचे असते. आपल्या जवळ हातकणंगले तालुक्यात आळते येथे 'धम्मालय' केंद्र आहे आणि शिबिराला फी नसते. पण रोजंदारीवरच्या माणसाला दहा दिवस काढणे अवघड. ज्याला जमेल त्याने जरूर जावे. ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी ही दारातली पायरी आहे. पायरीवर बसल्यानेही सावली मिळते.

शेवटी बाबासाहेबांविषयी. नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे की ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीच्या २६ अलीपूर रोडवरच्या घरात, थकलेले बाबासाहेब डोळे मिटून त्रिसरण गुणगुणू लागले. मग त्याची तबकडी लावायला सांगितली आणि तिच्या सुरात सूर मिसळला. नंतर कबिराचे एक पद त्यांच्या ओठांवर होते. पायांच्या वेदनांनी, मधुमेहाने आणि झोपेच्या अभावाने पिडलेला तो महापुरुष कोणत्याही जादूवर विश्वास ठेवणारा नव्हता. तरीही दिवस संपवताना त्यांना एक सावकाश, ओळखीचा आवाज हवासा वाटला. आपल्या कष्टकरी माणसांना तो हवासा वाटला तर त्यात नवल ते काय?

माझी विनंती छोटी आहे. येत्या रविवारी आपापल्या विहारात वंदना नेहमीपेक्षा निम्म्या वेगाने म्हणून पाहा. ध्वनिक्षेपक बंद ठेवा. म्हाताऱ्यांना पुढे बसवा, कारण त्यांची चाल मुळातच सावकाश असते. वंदना संपल्यावर दोन मिनिटे कोणी सूचना करू नका, वर्गणीचा हिशेब मांडू नका, चहाचे कप वाजवू नका. मग घरी गेल्यावर आपल्या आईला, रात्रपाळीच्या भावाला विचारा, आज झोप कशी लागली. आणि हो, ते वहीत लिहून ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!